लाकडाला पाणी दाखवताना

माझ्या हाताला सारवण ठाऊक.
फोंड्याला आईच्या पाठोपाठ उकिडवं सरकत
शेणकाल्याचे अर्धे चंद्र काढायचे,
एकाच्या पोटात दुसरा,
उंबऱ्यापर्यंत.

इथे तारामुंबरीला माडीवर लाकूड.
सासऱ्यांचं गलबत मोडलं तेव्हा
तळातल्या फळ्या किडीने चाळणी झालेल्या,
त्या गेल्या चुलीत.
वरच्या सागवानी बैलगाडीतून घरी आल्या
आणि बाबल मेस्तांनी रंधा मारून
समुद्र तेवढा तासून काढला.
सगळा निघाला नाही.
खिळ्यांची भोकं अजून आहेत,
भोवती गंजाची काळी वर्तुळं,
आणि खिडकीखाली, जिथे ऊन पडतं तिथे,
मे महिन्यात नाक टेकलं तर सुकटीचा वास.

पहिल्याच आठवड्यात मी बादलीभर पाणी ओतलं.
मेस्त खाली पडवीत चहा पीत होते,
थेंब नेमका टकलावर.
"लाकडाक पाणी पाजूचा नाय गो,
फकत दाखवूचा!"

तेव्हापासून दाखवते.
सुहासच्या जुन्या बनियनचा तुकडा
पिळायचा, पुन्हा पिळायचा, मनगट दुखेपर्यंत,
मग गालाला लावून बघायचा.
गार लागला पाहिजे, ओला नाही.
आणि हात सरळ. रेषेरेषेने.
याला मला दोन वर्षं लागली.
मध्येच कोपर वळतं, चंद्र निघतो,
सकाळी उन्हात तो दिसतो,
फोंड्याचा, माडीवर.

केरसुणी आधी. नेहमी आधी.
कारण पाणी परवडलं, वाळू नाही.
ती बांगड्याच्या टोपलीबरोबर येते,
टपालवाल्याच्या चपलेतून,
मुलाच्या खिशातून,
नुसत्या वाऱ्यानेसुद्धा.
टाचेखाली एक कण राहिला
तर असं काही लिहून जातो
की तेलानेही मिटत नाही.

तेल उंडीचं. होडीला लावतात तेच.
दिवाळीनंतर, हवा कोरडी झाली की.
त्या दिवशी माडीवर कुणी चढायचं नाही.
मुलगा जिन्याच्या शेवटच्या पायरीवर
वही मांडीवर घेऊन बसतो,
दर दोन गणितांनी विचारतो,
"प्यायलं का?"
नाही रे. अजून पितंय.

एक फळी आहे, डावीकडून सातवी.
दरवर्षी आषाढात फुगते.
दार अडतं, लाथ मारावी लागते.
मार्गशीर्षात आपली आपण खाली बसते,
कुणीतरी समजूत काढल्यासारखी.
मेस्त म्हणाले होते, बदलूया.
मी म्हटलं, राहू दे.
का, ते मला तेव्हा सांगता आलं नसतं.
आताही नीट येत नाही.

सुहास नऊ महिने बोटीवर.
तिथे लोखंडाची जमीन, हिरवा रंग,
पाइपाने धो धो पाणी मारतात म्हणे,
कुणी ओरडत नाही.
काल फोन आला, कुठल्याशा बंदराबाहेरून,
आवाज तुटत तुटत.
जेवणाचं झालं, फीचं झालं,
कलमांना अजून मोहोर नाही तेही झालं.
मग म्हणाला,
ती फळी करकरते का गं?

मी फोन जमिनीवर ठेवला, पालथा.
सातवीवर उभी राहिले.
टाच टेकवली, उचलली, टेकवली.

फोनमधून काही नाही.
लाट असेल, नाहीतर रेंज गेली असेल.
मी आणखी एकदा सगळं वजन दिलं.
"हं," तो म्हणाला.
आणि मग खरंच रेंज गेली.

फोन उचलला तेव्हा दिसलं,
काचेखाली वाळूचा कण होता,
तेल प्यालेल्या लाकडावर
बोटभर पांढरी रेघ. तिरकी.
नख फिरवून पाहिलं. खोल आहे.
कण चिमटीत धरला,
खिडकीतून बाहेर टाकला.
वारा आतल्या बाजूचा होता.